कार्टूनवाल्या स्थळाची चौकशी

आमच्याकडे मुलगी द्यायची म्हटली की आधी स्थळाच्या गावी जाऊन चौकशी करतात. रीत ठरलेली आहे. स्टँडवर उतरायचं, आपण कोण ते न सांगता चहा घ्यायचा आणि चहावाल्याला सहज विचारायचं, अमक्याचा मुलगा कसा काय आहे. हे सहज नाही हे चहावाल्यालाही माहीत असतं. तो आलं जास्त घालतो आणि मुलाची तारीफ करतो. अशा चौकशीत नापास झालेला मुलगा मी अजून पाहिलेला नाही.

कल्याणीनं घरात रामेश्वरचं नाव काढलं तेव्हा मीही टेंभुर्णीला जायची पिशवी भरली. कल्याणी ही आमची एकुलती एक. नोकरीला पुण्यात. रामेश्वर तिथंच कार्टूनच्या स्टुडिओत. वडील धुळाजी टेंभुर्णीला. थोडी शेती आणि मेंढरं. आमच्या मस्तगडच्या घरात जात कुणी काढली नाही. आम्ही शिकलेली माणसं. आम्ही जात काढत नाही, कामाचं स्वरूप विचारतो. उमानं, म्हणजे माझ्या बायकोनं, ते फिरून फिरून विचारलं.

"कार्टून काढतो म्हणजे काय करतो?"

"सिनेमे बनवतात, आई. त्यात काम करतो."

"लहान मुलांचे?"

"सगळ्यांचे."

"मोठी माणसं कुठं कार्टून पाहतात?"

यावर मायलेकींनी एकदम माझ्याकडे पाहिलं. दुपारी जेवण झाल्यावर मी टीव्हीवर काय पाहतो हे आमच्या घरात गुपित नाही.

"बाबा, पिशवी ठेवा," कल्याणी म्हणाली. "चहावाला काय सांगणार? रामेश्वरचं नाव ज्या सिनेमांत आहे ते मी लावून देते. ते पाहा आणि मग तुम्हीच सांगा. तुम्ही हो म्हणालात तर आई अडवणार नाही. नाही म्हणालात तर तिला कारण मिळेल, आणि आमचं तिथंच संपेल."

तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण हातातला चहा निवून गेला होता.

मी जबाबदारी घेतली. या विषयावर माझ्याइतका अधिकार असलेला माणूस निदान मस्तगडात तरी नाही. सिनेमात रामेश्वरचं नाव आहे म्हणजे सिनेमा रामेश्वरचा, तेव्हा पडद्यावर जे काही घडेल त्याचा जाब त्याला विचारायचा, असं आम्ही नवराबायको धरूनच चाललो.

पहिला पौराणिक होता. एक बालमुनी, अंगानं तालमीतल्या पैलवानासारखा, आणि त्याच्यासमोर एक राक्षस. माझं मत असं की देव कुणी मन लावून काढलेला नव्हता. सगळे देव एकाच साच्यातले, चेहऱ्यावर पासपोर्टच्या फोटोतला भाव. राक्षस मात्र खाऊन-पिऊन सुखी, त्याचं धोतर वाऱ्यावर असं उडायचं की बघत राहावं. मेला तेव्हा मला वाईट वाटलं.

"मुलगा राक्षसाच्या बाजूचा दिसतोय," उमा म्हणाली.

दुसरा परदेशी. एक कासव, समुद्राच्या राजाचा मुलगा. बापाला म्हणतं, मला राज्य नको, मला नाचायचंय. मग गाणी. समुद्र इतका ओला काढलेला की मी पाय वर घेतले. पण कासव प्रत्येक अडचणीत भाषण करतं आणि अडचण ते ऐकून निघून जाते. मी पंचायत समितीत नोकरीला होतो, तिथल्या सभापतींना हे कधी जमलं नाही.

"बापाला उलटं बोलणारा मुलगा दाखवलाय," उमा म्हणाली. "हे त्याला सुचलं कुठून?"

तिसरा होता सोयाबीनच्या बीजप्रक्रियेवर. मिशीवालं सोयाबीनचं बी शेतकऱ्याला सांगतं की पेरणीआधी मला औषध चोळ. खलनायक बुरशी. आतापर्यंतच्या सगळ्यांत हा सर्वश्रेष्ठ, हे मी पुराव्यानिशी सिद्ध करू शकतो. नायकाला नेमकं काय हवंय ते पहिल्याच वाक्यात कळतं. खलनायकाचं बालपण दाखवत नाहीत. गाणं एकच, आणि त्यात औषधाचं प्रमाण आहे. चार मिनिटांत संपतो. मी तो पुन्हा लावला. उमा भाजी निवडायला उठून गेली.

चौथ्याबद्दल कल्याणीनं आधीच बजावलं होतं की हा रामेश्वरचा नाही, त्याला आवडतो म्हणून घातलाय. "मग चौकशीत कशाला?" उमानं विचारलं. मी म्हटलं, मुलगा कुणाच्या संगतीत बसतो हेही पाहतात की. हातानं रंगवलेला, लांबच्या कुठल्या तरी पूर्वेकडच्या देशातला. एक मुलगी गच्चीवर गाद्या वाळत घालते, त्या झोडपते, संध्याकाळी खाली आणते. संपला. उमाला डुलकी लागली. मला मात्र त्या गादीतून ऊन निघून जाईल की काय अशी धास्ती शेवटपर्यंत लागून राहिली. काहीच होत नसलं की मी सहसा वाहिनी बदलतो. इथं रिमोट शोधायचं लक्षात आलं नाही.

शेवटचा आपल्याकडचाच, छोटासा. एक म्हातारी आडबाजूच्या एसटी थांब्यावर बसलीय. गाडी थांबत नाही. ती गाठोडं सोडते, भाकरीचा तुकडा मोडते, पदरानं हात पुसते, गाठोडं पुन्हा बांधते. गाठ मारताना एक टोक दातात धरते. ती गाठ पाहून मी उमाला उठवलं. म्हटलं, हे बघ, ज्यानं हे काढलंय त्यानं आईकडे नीट पाहिलेलं आहे. उमानं चष्मा लावला.

चष्म्याचं आणखी एक कारण होतं. सिनेमा संपला की नावं येतात. ती लग्नपत्रिकेसारखीच लावलेली असतात: आधी मानाची, मग कामाची, शेवटी राहून गेली तर रुसतील अशांची. पण पत्रिकेत रुसणाऱ्यांना निदान आपलं नाव वाचता येतं. इथं ती मुंग्यांसारखी वर पळतात. मी रिमोट रोखून बसायचो आणि बटण दाबेपर्यंत कंपनीचं चिन्ह यायचं. एकाही सिनेमात रामेश्वरचं नाव आम्हाला धरता आलं नाही.

"नाव आहे ना नक्की?" उमा म्हणायची.

रविवारी सकाळी बापलेक आले. जाफराबादच्या बसमध्ये जागा मिळाली नाही म्हणून जीपनं आले होते आणि दोघांच्याही अंगावर धूळ होती. धुळाजीरावांनी फेटा सोडून झटकला, पुन्हा बांधला आणि खुर्चीच्या टोकाला बसले. रामेश्वर उंच, शांत. पोहे झाले. हवापाणी झालं. मी घसा साफ करून निकालाकडे वळणार, तेवढ्यात धुळाजीरावांनी बशी खाली ठेवली.

"साहेब, एक इचारू का? तुम्ही ह्याचे समदे सिनेमे पाह्यले म्हणं."

"पाहिले."

"म्या एकबी न्हाई पाह्यला. फोनवर धाडतो हा, पण मेंढरामागं कधी बघू? गावात इचारतेत, पोरगं पुण्यात काय करून राह्यलंय. म्या म्हणतो, कंपूटरवर हाय. मंग इचारतेत, कंपूटरवर काय? तिथं माझं घोडं अडतंय. तुम्ही पाह्यलंय, तर तुम्हीच सांगा. बराबर करून राह्यलं का पोरगं?"

चौकशी करणाऱ्याकडेच चौकशीला आलेलं स्थळ मी पहिल्यांदाच पाहत होतो. निकालाचं भाषण पाठ होतं, पण ते मुलीच्या बापाचं होतं. हे मुलाच्या बापाला सांगायचं होतं. मी सरळ शेवटच्या सिनेमावर आलो.

"धुळाजीराव, बाकी राहू द्या. तुमच्या मुलानं एक म्हातारी काढलीय. ती गाठोडं बांधते, गाठीचं टोक दातात धरते. ते पाहून मी हिला झोपेतून उठवलं. एवढं एक काम केलं असतं तरी पुष्कळ होतं."

धुळाजीराव मुलाकडे वळले. उमानंही मान हलवली. कल्याणीच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी जरा रंग आला. सगळं जमलं होतं.

"काका," रामेश्वर म्हणाला, "ती म्हातारी माझी नाही."

कल्याणीनं डोळे मिटले.

"म्हणजे?"

"आमच्या स्टुडिओत एक मॅडम आहेत, त्यांची आहे. मी मागचं गवत केलं."

"गवत."

"थांब्याच्या मागं माळ दिसतो ना, त्यातलं."

"आणि तो राक्षस?"

"त्याचं धोतर. उडणारं कापड माझ्याकडे होतं."

"कासव?" हे उमा. "बापाला उलटं बोलतं ते?"

"ते तिकडं परदेशात ठरतं, काकू. आमच्याकडे फक्त ओलं करायला येतं."

मी म्हटलं, "मग पूर्ण तुझं असं काहीच नाही?"

रामेश्वर खाली पाहत म्हणाला, "सोयाबीन. कॉलेजात असताना केलेलं. ते पाठवू नको म्हटलं होतं हिला."

"मिशीसकट?" उमानं विचारलं.

"हो, काकू."

मुलगा नुसता गप्प बसला असता तरी काम झालं होतं. ती म्हातारी आम्ही त्याच्या पदरात बांधूनच दिली होती. त्यानं ती सोडून परत केली आणि हातात गवत घेऊन बसला.

"मंग गवतच दावा की," धुळाजीराव म्हणाले.

कल्याणीनं सिनेमा लावला. या वेळी म्हातारीकडे कुणी पाहिलं नाही. तिच्यामागं माळ होता, उतरणीचा, वाळत चाललेला. वारा एका बाजूनं शिरायचा आणि गवताच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखा निघून जायचा. गाडी न थांबता गेली तेव्हा रस्त्याकडेचं गवत तिच्यामागं धावल्यासारखं झुकलं. लांबचं तसंच उभं राहिलं. मी हा सिनेमा आधी अख्खा पाहिला होता आणि यातलं एक पातं पाहिलं नव्हतं.

धुळाजीराव गुडघ्यांवर हात ठेवून पुढं वाकले. "हे आपल्या वरच्या माळाचं हाय."

"हो, आबा."

"अन् मेंढरं कुठंयत?"

"मॅडमनी सांगितली नव्हती."

"एवढं गवत हाय अन् मेंढरं न्हाईत," धुळाजीराव मला म्हणाले. "एक तरी घालायचं होतं."

मी त्या मताशी सहमत आहे.

मग नावं सुरू झाली आणि पळायला लागली. मी रिमोट शोधत होतो, तो माझ्या हातात नव्हता. उमाच्या हातात होता. तिनं चष्मा सारखा केला, वाट पाहिली आणि बटण बरोब्बर दाबलं. पडदा थांबला. बाकी सगळी नावं दोन-दोन शब्दांची. मधलंच एक तीन शब्दांचं. उमानं ते मोठ्यानं वाचलं.

"रामेश्वर धुळाजी शिंगाडे."

"माझं नाव कशाला घातलं रे तिथं?" धुळाजीराव म्हणाले.

"सगळ्यांत घालतो, आबा."

धुळाजीराव खुर्चीत पहिल्यांदा मागं टेकून बसले. उमा अजून पडद्याकडेच पाहत होती.

"इतकी बारीक अक्षरं," ती म्हणाली. "पत्रिकेत असं चालायचं नाही. धुळाजीरावांचं नाव वर घ्यायचं, ठळक, वाचता येईल असं."

कल्याणी घाईघाईनं चहा ठेवायला आत गेली. रामेश्वर पोह्यांच्या बश्या गोळा करायला लागला आणि उमानं त्या त्याच्या हातातून काढून घेतल्या.

माझं मत द्यायचं अजून बाकी होतं. कुणी विचारलं नाही. मी रिमोट घेतला आणि धुळाजीरावांना सोयाबीन लावून दिलं.