चिचुंद्र्यांच्या कपाटातला पाहुणा

मित्रांनो, पोटात कापूस आणि डोळ्यांच्या जागी काचेचे मणी, असा मी संग्रहालयातला एक म्हातारा प्राणी आहे. अंगाने मुठीएवढा, नाक मात्र लांबलचक. जिवंत होतो तेव्हा गवतात मुंग्या हुंगत पळायचो. मेल्यावर इथल्या राखणदार काकांनी माझ्या कातडीत कापूस भरला आणि इतके हळुवार टाके घातले, की मेल्याचंही वाईट वाटेना!

नाक पाहून त्यांनी मला चिचुंद्र्यांच्या कपाटात बसवलं. काय दिवस होते ते! काका रोज मऊ ब्रशने आमची धूळ झटकायचे. मुलं काचेला नाक लावून बघायची. पुढे गर्दी आटली, कपाटातला दिवाही गेला. तरी शेजारच्या चिचुंद्रीच्या खांद्याला खांदा लावून मी मजेत होतो.

मग काकांची लेक प्राण्यांचा डीएनए तपासायच्या कामाला लागली. "ज्यांचा डीएनए जास्त जुळतो त्यांचं नातं जवळचं, बाबा," असं म्हणत तिने माझ्या तळपायाचा एक कण नेला. उत्तर ऐकून सगळे हसले. मी म्हणे हत्तीच्या भावकीतला! तिचे साहेब तर भडकलेच. "तुझ्या टेबलावर हत्तीचा दात होता ना? त्याचंच काहीतरी मिसळलंय. पुन्हा कर, नाहीतर हे काम बंद!"

लेक रडवेली होऊन आली. "बाबा, अजून एकच तुकडा दे ना."

"अगं, आधीच त्याचा पाय भुसभुशीत झालाय. पांगळा करशील बिचाऱ्याला!" काकांनी माझा पाय हलकेच चाचपला. मग हातमोजे चढवून म्हणाले, "सरक, मीच कापतो." कापता कापता ते माझी माफी मागत होते. मला त्यांचीच दया आली.

हा तुकडा दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासला. तिथे हत्तीचं नखसुद्धा कधी आलं नव्हतं. उत्तर तेच! लेक नाचतच आली. "म्हणजे आयुष्यभर मी याला परक्यांत बसवलं की गं!" असं म्हणत काकांनी मला उचललं आणि हत्तीच्या सांगाड्यापाशी नेऊन ठेवलं.

म्हणून सांगतो मित्रांनो, जुनं म्हणून आम्हाला फेकू नका. आमच्या अंगात अजून कळायचं पुष्कळ उरलेलं असतं. काका आता येत नाहीत. हत्ती माझा दूरचा भाऊबंद, हे मला मान्य आहे, त्याचा अभिमानही आहे. पण इथे फार एकटं वाटतं हो. तुमच्यापैकी कोणी एखादी चिचुंद्री माझ्या शेजारी आणून बसवेल का?