पंचावन्न इंच

राजनंदिनीनं वर्तमानपत्राची पानं एकमेकांना चिकटवून दोन कागद केले होते. एक त्रेचाळीस इंची टीव्हीएवढा, एक पंचावन्नएवढा. दोन्ही तिनं खालच्या खोलीच्या भिंतीवर लावून बघितले. मग आक्काची कॉट जिथं येणार होती, तिथं जमिनीवर उशी टेकून बसली आणि उजवा डोळा हातानं झाकला.

आक्का म्हणजे तिची आई. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेली, एकाच डोळ्यानं दिसणारी. परवा नेसरीहून कायमची इथं राहायला येणार होती. तिच्या दिवसभराच्या सोबतीला एक टीव्ही हवा होता, आणि राजनंदिनीचा नियम साधा होता : कॉटपासून भिंतीपर्यंतच्या अंतराच्या निम्मा. अंतर नऊ फूट, म्हणजे एकशे आठ इंच. निम्मं चोपन्न. त्रेचाळीसचा कागद तिनं घडी घालून ठेवून दिला.

उंचीही ठरली होती. दारामागे भिंतीवर लाल रेघ होती आणि तिच्या वर आकडे होते : २०१९. जमिनीपासून बरोबर दोन फूट. नदीकडच्या या गल्लीत प्रत्येक घरात महापुराच्या पाण्याची अशी रेघ होती. टीव्हीची खालची कड रेघेच्या सहा इंच वर धरायची. कॉटही तिनं नवऱ्याला, सम्राटला, उंच पायांची आणायला सांगितली होती. हे सगळं तिनं वहीत आकृती काढून लिहिलं होतं.

दुकानानं भिंत बघायला आरिफला पाठवलं. तो आला, कागद बघून हसला.

"वैनी, आमचं गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणतंय, पावणं, सगळ्यात मोठा दावा. तुम्ही टीव्हीचं कापडच बेतलंय की!"

"भिंत धरेल ना?"

"धरंल. पण लाइन कुठनं घ्यायची? ह्यो जुना वायरिंगचा डबा उघडतो."

भिंतीत तिच्या डोक्यापेक्षा जरा वर एक पत्र्याचं झाकण होतं, रंगाखाली बुजलेलं. आरिफनं स्टुलावर उभं राहून स्क्रू काढले, झाकण ओढलं. भसकन काहीतरी खाली सांडलं आणि पंचावन्न इंची कागदावरून घसरत फरशीवर पडलं.

तपकिरी, मऊ, मैद्यासारखी पूड.

राजनंदिनीनं ती चिमटीत घेतली. बोटांवर चोळली. दाणा लागला नाही.

"हे काय?"

"गाळ की," आरिफ सहज म्हणाला. "म्हापुराचा. पाणी उतरलं तरी आत ऱ्हातोय."

"इतक्या वर?"

"मग? ह्या गल्लीत पाणी..." त्याचं लक्ष दारामागच्या रेघेकडं गेलं. तो एकदम थांबला. स्क्रू ड्रायव्हरनं उगीचच झाकण खरवडू लागला.

"छताजवळचा तो दुसरा डबा उघड," ती म्हणाली.

त्यानं उघडला. आत कोळ्याचं जाळं होतं, वायर होती. गाळ नव्हता.

म्हणजे पाणी या दोन डब्यांच्या मध्ये कुठंतरी थांबलं होतं. तिनं स्वयंपाकघरातून सुरी आणली. स्टुलावर चढून पहिल्या डब्याच्या शेजारचा पिवळा डिस्टेंपर खरवडायला लागली. पिवळ्याखाली निळा निघाला. ती अर्ध्या अर्ध्या इंचानं वर सरकत गेली. निळ्यावर लाल उमटलं. आडवी रेघ. वर दोनाचा आकडा, शून्य, एक, नऊ.

आरिफनं टेप धरली. "पाच फूट सहा इंच," तो हळू म्हणाला.

कॉटची उंची दोन फूट. आक्काला कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागतो.

"काय खरवडताय गं?" तिच्या सासूबाई तानाबाई ट्रेमधून ताकाचे पेले घेऊन दारात आल्या. भिंत बघितली आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"आई, खरी रेघ कुठली?"

"आरिफ, तू जा बाबा."

"तो थांबेल. खरी कुठली?"

तानाबाईंनी ट्रे जमिनीवर ठेवला. "तीन जागी लगीन मोडलं सम्राटचं. पावणं यायचे, भिंतीकडं बघायचे, चहा न पिता उठायचे. कोण दील पोरगी बुडत्या घरात?"

"मग रेघ पुसायची. खोटी कशाला काढली?"

"ह्या गल्लीत बिनरेघेचं घर कुणाला खरं वाटंल? म्हणून मग गुडघ्याएवढी काढली." त्यांनी पदर तोंडाला लावला. "म्हटलं, एवढी चालंल."

"सम्राटला माहीत होतं?"

तानाबाई वाकून ट्रेमधले पेले सरळ करू लागल्या.

"आई."

"रंग त्यानंच दिला, पोरी."

राजनंदिनी स्टुलावर तशीच उभी राहिली. नवरा आक्काची कॉट आणायला गेला होता. खालच्या खोलीत ठेवायची, हे त्याच्यासमोर ठरलं होतं. वहीतली आकृती त्यानं बघितली होती, 'भारी' म्हणाला होता.

आणि ती स्वतः? समोरच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवरची रेघ रस्त्यापासून सात फुटांवर होती. आपलं जोतं उंच आहे, असं सासरच्यांनी लग्नात सांगितलं होतं. उंच म्हणजे तीन पायऱ्या. दीड फूट. सातातून दीड वजा करायला अकरावीच्या पोरांना तिनं कधी वेळ दिला नसता. पाणी सगळीकडे एकाच पातळीला येतं, हे ती त्यांना दर वर्षी फळ्यावर शिकवत होती. तीन वर्षं त्या रेघेजवळून जाऊन.

ती खाली उतरली. पाय ठेवला तिथं गाळात ठसा उमटला.

"वैनी, दुकानात काय सांगू? पंचावन्न?"

ती टेप घेऊन जिना चढली. मागून आरिफ, त्याच्या मागं तानाबाई. वरच्या मजल्यावर दोनच खोल्या, त्यातली एक तानाबाईंची. राजनंदिनीनं त्यांच्या पलंगाच्या कडेपासून समोरच्या भिंतीपर्यंत टेप ताणली. सहासष्ट इंच.

"बत्तीस सांग."

"आक्कांना वर कसं न्यायचं?"

"खुर्चीत बसवून. चौघं लागतील. तू येशील?"

"येतो की."

"आणि मी कुठं निजू?" तानाबाईंनी विचारलं. आवाजात भांडण नव्हतं.

"इथंच. आक्काजवळ. दुसरी कॉट मावते." तिनं टेप परत गुंडाळली. "तिनं विचारलं, वर का आणलं, तर तुम्ही सांगायचं. मी नाही."

तानाबाईंनी मान डोलावली.

तेवढ्यात राजनंदिनीचा फोन वाजला. सम्राट होता. कॉट टेम्पोत चढवली होती, येताना आणखी काही आणायचं का, असं विचारत होता.

ती खिडकीशी उभी राहिली. समोरच्या घरावरची रेघ आज तिला अगदी स्पष्ट दिसत होती.

"लाल ऑइलपेंट आण," ती म्हणाली. "लहान डबा. आणि ब्रश. खरी रेघ तूच काढायचीस, मी माप धरते."