आईचा आवाज बसला त्या सकाळची मीटिंग

आईचा आवाज बसला तो नेमका तिला सगळ्यात जास्त बोलायचं होतं त्या सकाळी. ती मला उठवायला आली आणि तिच्या तोंडून नुसती हवा बाहेर पडली. मी म्हटलं, "आई, तुझं म्यूट काढ." तिने डोळे वटारले. त्याला आवाज लागत नाही.

आई घरून काम करते. दातांच्या दवाखान्यांसाठी अ‍ॅप बनवणाऱ्या टीमची ती प्रमुख आहे. टीम म्हणजे चार गावांतली चार माणसं. डिझाईनवाली ताई अ‍ॅप दिसतं कसं ते बघते, सर्व्हरवाला दादा पेशंटची माहिती सांभाळतो, आणि टेस्टिंगवाले काका सगळ्यांच्या चुका शोधतात. काका नेहमी माइक बंद ठेवून बोलतात, म्हणून घरात आम्ही त्यांना म्यूटकाका म्हणतो. कोणीच कोणाला प्रत्यक्ष भेटलेलं नाही. काकांना पाय आहेत का, हे आई छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

अ‍ॅप शुक्रवारी सुरू व्हायचं होतं. तारीख आधी दोनदा हुकली होती, आणि आता हुकली तर टीम दुसऱ्या कोणाकडे देऊ, असं मोठ्या साहेबांनी आईला तोंडावर सांगितलं होतं. आज टीमला शेवटचं विचारून साहेबांना 'हो' कळवायचं होतं.

"रद्द कर ना मीटिंग," मी म्हटलं.

आईने माळ्यावरून माझा लहानपणीचा पांढरा फळा काढला आणि त्यावर लिहिलं, 'मी लिहीन. तू वाच. जसंच्या तसं. मनाचं काही नको.' शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा. गेल्या महिन्यात मी शाळेच्या स्टेजवर भाषण केलं आणि मला बोलता येतं असा शोध लागला. तेव्हापासून हा शोध मी घरात सगळ्यांना रोज दाखवते. रेघा त्यासाठी होत्या.

आईच्या मीटिंगा मी सुट्टीत दाराआडून ऐकलेल्या आहेत. आई विचारते, "सर्व्हरचं झालं ना?" दादा म्हणतो, "हो, म्हणजे—" आई म्हणते, "छान! पुढे." आपल्या मीटिंगा वेळेआधी संपतात याचा तिला फार अभिमान आहे.

पडद्यावर तीन चौकोन उघडले. "नमस्कार," मी म्हणाले. "आईचा घसा बसलाय. आज मी तिचा आवाज." हे फळ्यावर नव्हतं. टेबलाखाली मला चिमटा बसला.

काकांचे ओठ हलले.

"काका, माइक."

"मॅडमना बरं नाही का, असं विचारत होतो."

आईने फळा वर केला. मी वाचलं, "सर्व्हरचं झालं ना?"

"हो, म्हणजे—" दादा म्हणाला आणि सवयीप्रमाणे थांबला. आईचं 'छान' यायला त्याने जागा सोडली.

आई 'छान'च लिहीत होती. पण मार्कर वाळलेला. तिने तो झटकला, टोकावर फुंकर मारली, पुन्हा घासला. पडद्यावर दिसत होत्या फक्त तिच्या आठ्या आणि खाली घातलेली मान. वाचायला काही नव्हतं, म्हणून मी काही वाचलं नाही.

दादाने घसा खाकरला. "म्हणजे बरंचसं झालंय."

आईने मार्कर जोरात टेबलावर आपटला.

"नव्या पेशंटचं झालंय," दादा घाईघाईने म्हणाला. "जुन्यांची माहिती नव्या अ‍ॅपमध्ये येतच नाहीये. कितीतरी दिवस तिथेच अडकलोय. सॉरी मॅडम, रागावू नका."

आईने मान वर केली. फळ्यावर जेवढं उमटलं होतं तेवढं मी वाचलं. "छा."

कोणी हसलं नाही.

"मलाही दिसलं होतं," डिझाईनवाली ताई हळूच म्हणाली. "जुन्या पेशंटचं नाव टाकलं की कोरं पान येतं. वाटलं, काकांनी सांगितलं असेल."

काकांचे ओठ बराच वेळ तावातावाने हलले.

"काका, माइक."

"अहो, मी मागच्याच आठवड्यात सांगितलं! मॅडम म्हणाल्या, 'बरोबर काका, पुढे.'"

तेव्हा माइक चालू होता का, हे कोणी विचारलं नाही. आईचे कान लाल झाले. तिने माझं पेन ओढून वहीचं पान फाडलं, काहीतरी लांबलचक लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मी वाचलं, "आधी का नाही सांगितलंत?"

"सांगायला लागलो की तुम्ही छान म्हणता," दादा म्हणाला. "एकदा छान म्हटल्यावर, नाही हो, छान नाही, असं कसं म्हणणार? मग मूग गिळून बसतो."

आईने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे कागदावरचं सोडून काही नव्हतं. शेवटी तिने लिहिलं, 'काय काय अडलंय ते एकेकाने सांगा. मी ऐकते.' ती मीटिंग जेवणाच्या वेळेपर्यंत चालली. ताईने विचारलं, शुक्रवारी निदान नव्या पेशंटपुरतं सुरू करू या का. काका माइक चालू करून म्हणाले, "आणि जुना पेशंट सुजलेला गाल घेऊन आला की त्याला काय सांगायचं, तुम्ही आमचे नाहीच?" मग ठरलं की आणखी एक आठवडा लागणार.

साहेबांना फोन लावायचा म्हटल्यावर आईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने आधी लिहिलं, 'सर्व्हरच्या अडचणीमुळे.' मग ते खोडलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी वाचलं, "साहेब, शुक्रवारी होणार नाही. माझी माणसं अडली होती आणि मी त्यांना बोलूच देत नव्हते. एक आठवडा द्या."

फोन स्पीकरवर होता. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले, आणि ही तर माझी नोकरीसुद्धा नव्हती.

"मागे दोन्ही वेळा तारीख गेल्यावर कळलं होतं," साहेब म्हणाले. "या वेळी आधी कळलं. घ्या आठवडा. टीम तुमच्याकडेच राहू दे. पण मला हे असंच कळत राहू दे."

आईने माझा हात घट्ट धरला.

आवाज परत आल्यावर मला वाटलं, आता पुन्हा 'छान! पुढे' सुरू होणार. पण दोनच दिवसांनी दादाने मीटिंग नसताना फोन केला. "मॅडम, एक घोळ झालाय."

"अरे वा!" आई इतक्या आनंदाने म्हणाली की दादा गडबडला. "सांग, सांग."

घोळ चांगलाच मोठा होता. आईने खुर्ची ओढली, मला हाताने गप्प बस अशी खूण केली आणि ऐकायला लागली.