कळी न सुटणारं यीस्ट

मी काय काम करते ते मांद्र्यात कुणाला सांगायची सोय नव्हती. यीस्ट म्हटलं की लोक विचारायचे, म्हणजे पावाचं का? हो, पावाचंच. आमचा पाववाला, पोदेर, पिठात माडाची सूर म्हणजे माडी घालतो आणि पाव फुगतो, तो ज्या जिवांमुळे फुगतो त्यांची लग्नं आणि बाळंतपणं मी बघते, असं एकदा वैतागून पार्वतीमावशीला सांगितलं. ती म्हणाली, "आदी तुजा लगीन बघ."

माझं यीस्ट मांद्र्याचंच. आमच्या माडांची सूर काढणाऱ्या दत्तारामने दिलेल्या सुरेतून मी ते वेगळं केलं, पणजीच्या प्रयोगशाळेत नेलं, त्याच्या जनुकांत मुद्दाम बिघाड घडवले आणि हजारो ठिपक्यांतून हवा तो बिघाड शोधत बसले. यीस्टच्या पेशीला आधी कळी येते. कळी वाढते, आणि पुरेशी मोठी झाली की लेक आईपासून सुटून आपल्या वाटेला लागते. मला सापडलेल्या वाणाचं गारव्यात सगळं सुरळीत चालायचं. उष्णता वाढवली की कळी यायची, वाढायची, पण सुटायची नाही. म्हणजे लेकीला सुटी करणारं जनुकच तिथं बिघडलं होतं. त्या जनुकाबद्दल तोवर कुणी काही लिहिलेलं माझ्या वाचनात नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी प्रयोगशाळेत एकटीच हसत सुटले.

माझे मार्गदर्शक कृष्णनाथ सर डिचोलीचे. हुशार, मिठ्ठास वाणीचे, आणि आमच्या घरात तर देवघराच्या खालोखाल त्यांचं स्थान. कारण गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी या आंदोलनात पेडण्याच्या सभेत त्यांनी मराठीसाठी केलेलं भाषण. माझे बाबा, सगुण परब, मांद्र्याच्या बाजारात दुकान चालवतात. त्या दिवशी ते दुकान बंद करून सभेला गेले आणि घसा बसेपर्यंत घोषणा देऊन आले. "आपलो मनीस," असं ते सरांबद्दल म्हणायचे, आणि त्यापुढे कुणी काही बोलायचं नसे.

त्याच आंदोलनात रस्त्यांवर झाडं पाडली गेली, चोपड्याची फेरीबोट बंद पडली, तेव्हा मला पणजीला जाता येईना. प्रयोगशाळेतली वीज तर केव्हाही जायची. असं काही होईल म्हणूनच वाणाचा एक जोड मी आधीच घरी आणून ठेवला होता. दुकानाच्या फ्रिजमध्ये, सोड्याच्या बाटल्यांमागे, बुचं घट्ट लावलेल्या दोन नळ्या. आमच्या धंद्यात सगळेच असा एक जोड दुसरीकडे ठेवतात. कुठे ठेवलाय ते सरांना मीच सांगितलं होतं. त्यांच्यापासून काय लपवायचं?

आणि मग मासिक आलं. त्यात माझं जनुक होतं, माझ्या पेशींचा मी काढलेला फोटो होता. नावं दोन होती, सरांची आणि त्यांच्या भाच्याची, सुधीरची. सुधीर आमच्याकडे येऊन वर्षही झालं नव्हतं. काचेच्या बशा धुवायलासुद्धा तो कंटाळायचा. शेवटी बारीक अक्षरात आभार होते, त्यात रखवालदाराच्या आधी माझं नाव होतं.

मी सरळ सरांच्या खोलीत गेले. ते जराही दचकले नाहीत. "सुधीरला अमेरिकेला जायचंय गं. तुझं काय, आज ना उद्या लग्न होईल. पुढच्या पेपरात घालू तुझं नाव." एवढ्या प्रेमाने म्हणाले की क्षणभर मलाच वाटलं, आपणच हावरट आहोत. जिना उतरताना मात्र अंगाची लाही लाही झाली. दुसऱ्या दिवसापासून मी गेले नाही. पेडण्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी धरली.

पण गंमत पुढेच झाली. सुधीरने प्रयोगशाळेतल्या नळ्या गारव्यात ठेवायच्या त्या उबेच्या कपाटात ठेवल्या आणि सुट्टीला मुंबईला निघून गेला. उष्णतेत माझा वाण वाढत नाही. वाढतात त्या आपला बिघाड स्वतःच दुरुस्त करून घेतलेल्या चार-दोन पेशी. त्यांनी नळी भरून गेली. सर ज्याच्यावर मोठे झाले ते यीस्ट आता साध्या पावाच्या यीस्टसारखं वागू लागलं. इकडे परदेशांतून मागण्या येत होत्या. यीस्टवाल्यांचा रिवाज असा की वाण एकदा छापून आला की जो मागेल त्याला द्यायचा, ओळख असो नसो. नाही म्हटलं की लोक समजतात, खोटं छापलंय.

सरांनी शाळेत निरोप पाठवला, तुझ्या घरच्या नळ्या दे. मी उलट कळवलं, आधी नाव दुरुस्त करा, मग नळ्या. पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या बाईंनी मला सांगितलं होतं, तुझा वाण घेऊन ये, जागा देते. जूनमध्ये जायचं होतं. माझ्याजवळ दुसरं काहीच नव्हतं, ना पीएच.डी., ना छापलेलं नाव. त्या दोन नळ्या होत्या. बाबांना मी सगळं नीट सांगितलं, फोटोसुद्धा दाखवला. फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि म्हणाले, "वायट केल्यानी." मला तेवढं पुरलं.

गोवा घटकराज्य झालं त्याच आठवड्यात मी शाळेतून परत आले, दुकानात सोडा प्यायला वाकले, तर बाटल्यांमागे नळ्या नव्हत्या.

"सर इल्ले," बाबा म्हणाले. तराजू पुसत होते, वर बघितलं नाही. "तेंका दिलंय."

मी विचारलं, सगळं माहीत असून?

"रडले गो ते माज्याफुडे. आमची बाजू आदीच हरली. कोंकणी राजभाषा झाली. आता आमच्याच मनशाक लोकांनी लबाड म्हणूचा? तेनी सांगल्यानी, फुडच्या पेपरात तुजा नाव घालतले. शब्द दिल्यानी."

ज्या मराठीसाठी बाबांनी घसा फोडला तिच्यासाठी त्यांनी माझं यीस्ट दिलं, आणि मला ते सांगितलं त्या बोलीत जिला पलीकडची, कोंकणीची बाजू आपली म्हणते. मला हसू यायला हवं होतं. आलं ते रडू, तेही रागाचं. परक्याने लुबाडलं तर माणूस घरी येऊन सांगतो; मी आता कुठे जाऊन सांगणार होते? जेवताना त्यांनी माझ्या ताटात बांगड्याचा मोठा तुकडा वाढला. मी तो तसाच ठेवून उठले.

पुण्याच्या बाईंनी जुलैपर्यंत वाट पाहिली, मग जागा दुसऱ्याला दिली. त्यांचं काही चुकलं नाही.

त्यानंतर मी सरांना एक कार्ड लिहिलं. पेडण्याची एक शिक्षिका आहे, आपला छापून आलेला वाण अभ्यासासाठी हवा आहे, कृपया पाठवावा. खाली माझं पूर्ण नाव, रोहिणी सगुण परब. रिवाज रिवाजच. कार्ड वाचून त्यांना निदान घाम तरी फुटेल, असं मला वाटलं होतं.

गणपतीच्या आधी पाकीट आलं. आत टीपकागदाच्या तुकड्यावर वाळवलेलं माझं यीस्ट आणि सगळ्यांना पाठवतात तशी छापील चिठ्ठी: वाण वापरल्यास आमच्या प्रयोगशाळेचे आभार मानावेत. खाली सुधीरची सही. नाव कुणी वाचलंच नव्हतं.

पाकीट पोस्टमनकडून बाबांनीच घेतलं होतं. मी ते उघडून वाचेपर्यंत ते समोर उभे होते, बऱ्याच दिवसांनी चेहरा खुललेला.

"सरांचा ना गो? घातल्यानी मां तुजा नाव?"

"घातल्यानी," मी म्हटलं. "पाकिटावर."