पट्ट्याखालचं बोट

“आधी हात धुऊन ये,” दादा म्हणाले.

धाकटा भाऊ नळावर जाऊन हात धुऊन आला. तरी दादांनी त्याला आपण घरी बनवलेल्या मॉडेल विमानाला हात लावू दिला नाहीच. पंखाचे दोन्ही भाग त्यांनी स्वतःच, एकेक करून, फाटकापर्यंत आणले. एकतीस वर्षांपूर्वी स्पर्धेला जाताना धाकट्याने मित्राची जीप चालवली होती, आणि मैदानावर पोचून पाहिलं तर दादांच्या पहिल्या मोठ्या विमानाचा डावा पंख मोडलेला. तेव्हापासून ‘ह्याच्या हाताला गुण नाही’ हे वाक्य पाहुण्यारावळ्यांनाही पाठ झालं होतं. धाकट्याने त्यावर कधी उलटून उत्तर दिलं नाही. उत्तर नाही म्हणजे पोटात पाप आहे, असा दादांचा हिशेब.

दादांचा जन्म पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढण्यात गेला. स्वतःची रेघ कधी चुकली नाही आणि दुसऱ्याची चुकलेली कधी नजरेतून सुटली नाही. आता एका डोळ्याला दिसेनासं झालं होतं, हात कापत होते. हलक्या लाकडाच्या काड्या आणि पातळ कागद यांचं हे विमान आज अशी विमानं उडवणाऱ्या क्लबच्या मेळाव्यात ते शेवटचं उडवणार होते. उद्यापासून विमान क्लबच्या कपाटात. पण एवढा लांब पंख मावेल अशी गाडी हवी, म्हणून वहिनींनी त्यांना न विचारता धाकट्याला फोन केला होता. धाकटा अंड्यांची गाडी चालवायचा.

गाडीचं मागचं दार उघडलं आणि दादांना पहिला संशय आला. गाडी घासूनपुसून लख्ख होती. एवढी कशाला? आत जाड फोमचे ठोकळे, त्यांना खाचा पाडलेल्या. पंखाचा एकेक भाग त्या खाचांत उभा ठेवला तर मापात बसला.

“माप कुणी दिलं तुला?”

वहिनी एकाएकी फाटकाची कडी तपासू लागल्या.

पंखावरून धाकट्याने कमरेचा जुना पट्टा घेतला, गाडीच्या दांडीला अडकवला आणि पहिल्याच भोकात बक्कल लावलं. मग पट्ट्याखालून बोट फिरवून पाहिलं.

“सैल आहे,” दादा म्हणाले.

“सैलच पाहिजे. एक बोट गेलं पाहिजे. आवळलं की गचका सगळा मालावर येतो. बावीस वर्षं अंडी वाहतोय मी, दादा.”

“अंडी कोंबडी रोज घालते. ह्याला मला चौदा महिने लागले.”

“अहो, निघा आता,” वहिनी म्हणाल्या.

रस्ताभर दादा मान वळवून मागे पाहत होते. गाडी हळू चालली तर ‘मुद्दाम उशीर करतोय’, जरा वेग घेतला तर ‘झालं, ह्याचं सुरू’. संशयाला औषध नाही म्हणतात ते काही खोटं नाही. पेट्रोल पंपावर धाकटा तोंड धुवायला गेला. दादा लगबगीने उतरले, मागचं दार उघडलं, पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं. बोट आरामात गेलं. त्यांनी दात आवळून पट्टा ओढला, दोन भोकं पुढे नेला आणि निवांत मनाने जागेवर येऊन बसले.

मैदानाच्या अलीकडे गतिरोधक होता. धाकट्याने गाडी जवळजवळ थांबवून त्यावरून नेली. तरी मागून ‘कट्’ असा आवाज आला. काडेपेटीतली काडी मोडावी, एवढाच.

मैदानावर क्लबची माणसं गाडीभोवती जमली. दादांनी मागचं दार उघडलं. डाव्या पंखाचा कणा, बुडापासून तिसऱ्या फासळीशी, मोडला होता. वरचा कागद तेवढा त्याला धरून होता.

“तरी मी सांगत होतो!” दादांचा आवाज फाटला. “ह्याच्या गाडीत ठेवू नका म्हणून! तेव्हाही ह्यानंच वाट लावली आणि आजही! शेवटचा दिवस होता रे माझा!”

माणसं खाली पाहू लागली. धाकट्याने पट्ट्याकडे पाहिलं. बक्कल तिसऱ्या भोकात होतं. क्षणभर त्याची नजर तिथेच राहिली.

“गतिरोधकावर जरा जोरात गेली गाडी,” तो म्हणाला. “चुकलं माझं, दादा.”

दादा पट्टा सोडायला वाकले. सुटेना. त्यांनी खाली बोट सारून पाहिलं; नखसुद्धा जाईना. आणि पट्टा बरोबर तिसऱ्या फासळीवरून गेला होता. तिसरीच. मागच्या वेळीही तिसरीच होती. त्या दिवशी जीपमध्ये दोरी कुणी बांधली होती? ‘हलवून दाखवा’ असं बजावत, गुडघा टेकवून गाठ कुणी मारली होती? ती गाठ त्यांना जशीच्या तशी आठवली. फार सुरेख गाठ होती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“पट्टा मी आवळला,” दादा मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “पंपावर. हा तोंड धुवायला गेला होता तेव्हा.”

मग ते धाकट्याकडे वळले.

“आणि जीपमधली दोरी पण मीच…”

“माहीत आहे मला,” धाकटा म्हणाला. “ती कापून काढावी लागली होती. मीच कापली.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?”

“तू ऐकलं असतंस?”

पलीकडे कुणाचं तरी विमान धावलं, वर चढलं आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. दादांनी वर पाहिलं नाही. धाकट्याने बक्कल काढल्यावर मोडका पंख त्यांनी दोन्ही हातांवर उचलला. त्यांनी तो धाकट्यापुढे धरला.

“तू ठेव,” ते म्हणाले. “तुझ्या पद्धतीनं.”

धाकट्याने दोन्ही तळवे आधी पँटला पुसले, नीट, दोन्ही बाजूंनी, आणि मग पंख हातात घेतला.