गाडी कुणी थांबवली

लॉन्ड्री बंद झाली त्या दिवशी आम्ही सव्वीस जणी एकदम घरी बसलो. त्यात मी होते आणि माझी धाकटी जाऊही. मी वरच्या ऑफिसात, किती कपडे आले आणि किती गेले याच्या नोंदी करायची. ती खाली मशीनवर. हॉस्पिटलच्या चादरी, ऑपरेशनचे हिरवे कपडे, हॉटेलांचे टॉवेल, सगळं तिच्या हाताखालून जायचं.

मला अर्ज लिहिता येतो, चार लोकांत बोलायला मी बिचकत नाही. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात एकेक बाई माझ्याकडे यायला लागली. दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत वर्गच भरायचा म्हणा ना. मी सांगायचे, जुन्या मालकाला नावं ठेवायची नाहीत, त्यानं कितीही छळलेलं असो. आदल्या दिवशी जाऊन इमारत बघून यायची, म्हणजे ऐन वेळी धापा टाकत पोचायला नको. मूळ कागद एका फाईलमध्ये, झेरॉक्स दुसरीत. एखादं काम येत नसेल तर सरळ येत नाही म्हणायचं, पण शिकायला किती दिवस लागतील तेही सांगायचं. आणि स्वतःची एक खरी गोष्ट तयार ठेवायची. ‘मी कष्टाळू आहे, मी प्रामाणिक आहे’ असं कुणीही म्हणतं. अमुक दिवशी असं घडलं आणि तेव्हा मी असं केलं, हे सांगितलं की समोरचा मान वर करून बघतो.

सहा महिन्यांत नऊ जणींना नोकऱ्या लागल्या. येऊन पाया पडायच्या. मी स्वतः अकरा ठिकाणी जाऊन आले होते आणि अकरा ठिकाणांहून हात हलवत परतले होते. ते मी कुणाला सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचे, मला घाई नाही, मनासारखं मिळेल तेव्हा बघू.

मग एका मोठ्या हॉस्पिटलची जाहिरात आली. त्यांच्या स्वतःच्या लॉन्ड्रीसाठी सुपरवायझर हवी होती. ती जाहिरात मीच कापून धाकटीला दिली. ती खालच्या मजल्यावर राहते, आम्ही वर. तिचा अर्ज मी लिहिला आणि चार दिवस तिची तयारी करून घेतली.

“तुझी गोष्ट कुठली सांगशील?” मी विचारलं.

“मला कसली आलीय गोष्ट, ताई? कपडे धुतले, बस.”

“ती गाडीची सांग ना.”

ती लाजली. गाडीची गोष्ट अशी. एकदा सकाळी हॉस्पिटलच्या साडेतीनशे चादरी धुऊन, घडी घालून गाडीत भरल्या होत्या. धाकटीनं सवयीनं, पुढचे कपडे फिरत असलेल्या मशीनच्या दाराला हाताची पालथी बाजू लावली, तर दार नुसतं कोमट. एरवी तिथे हात टेकवत नाही. पाणी तापलंच नव्हतं, म्हणजे चादरी दिसायला पांढऱ्या, पण रोग्यांच्या अंगाखाली घालायच्या लायकीच्या नव्हत्या. तापमानाचा मीटर मात्र बरोबर आकडा दाखवत होता. तिनं धावत जाऊन गाडीपुढे उभं राहून गाडी अडवली. मालक तिच्यावर ओरडला, पगार कापीन म्हणाला. ती हलली नाही. दुपारी मेकॅनिक आला तेव्हा कळलं की मीटरच बिघडला होता.

तिला ही गोष्ट मी तीनदा सांगायला लावली. दार कोमट होतं हे आधी सांग, मालकाचं ओरडणं थोडक्यात आटप, असं सगळं बसवून दिलं. आणि शेवटच्या तारखेला जाऊन मी त्याच जागेसाठी माझाही अर्ज देऊन आले. का, याचं उत्तर मी स्वतःला पुष्कळ दिवस देत राहिले. तिला मिळेलच असं कुठे आहे? दोघींपैकी एकीला मिळालं तरी घरातच येणार. पण मग तिला सांगितलं का नाहीस, या प्रश्नापाशी मी दर वेळी अडखळायचे.

इंटरव्ह्यू गुरुवारी होते. मला दहाची वेळ होती, तिला बाराची. मी घरी सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे जातेय. निघताना धाकटी जिन्यात भेटली. “ताई, तुम्ही असता तर धीर आला असता,” म्हणाली. मी गालावर हात ठेवून दात दुखत असल्यासारखं केलं.

आत तिघं होते. मधोमध हॉस्पिटलच्या प्रशासक बाई, पिकलेले केस, बोलणं मोजकं. त्यांनी नोंदींबद्दल विचारलं, ते मी व्यवस्थित सांगितलं. मग म्हणाल्या, “तुमच्या कामातली एखादी अवघड वेळ सांगा. तुम्ही स्वतः निर्णय घेतला अशी.”

मी आठवायला लागले. चौदा वर्षं वह्या भरल्या होत्या. निर्णय? निर्णय मालक घ्यायचा. डोकं रिकामं झालं. समोर तिघं वाट बघत होते, एकानं पेन खाली ठेवलं. आणि माझ्या तोंडून आलं, “एकदा साडेतीनशे चादरी गाडीत भरल्या होत्या. मी सहज मशीनच्या दाराला पालथा हात लावला...”

सुरेख सांगितली मी. बसवलेलीच होती. बाई पुढे झुकून ऐकत होत्या.

त्या दिवशी मी खरं तर कुठे होते, तेही सांगून टाकते. मी वर खिडकीत होते. गाडीला उशीर होतोय म्हणून खिडकीतून ड्रायव्हरला ओरडून सांगणारी मीच होते, “तिच्याकडे लक्ष देऊ नकोस, गाडी काढ.”

दुपारी तीनच्या सुमारास धाकटी माझ्या स्वयंपाकघरात आली. चेहरा उतरलेला. मी चहा टाकला.

“ताई, मी अर्धी गोष्ट सांगितली आणि ते एकमेकांकडे बघायला लागले. त्या बाई म्हणाल्या, हे आम्ही आज ऐकलंय. ज्यांनी गाडी थांबवली त्या येऊन गेल्या. दुसऱ्याच्या कामावर आपलं पोट भरू नये.”

मी गाळणं कपावर धरलं आणि चहा ओतला.

“मग तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? जीभच उचलेना. उठून आले.” तिनं डोळे पुसले. “हे त्या प्रेसवालीचं काम. तिनंही अर्ज केला होता. मीच मूर्ख, तिला सगळं सांगितलं होतं, ताईंनी मला कसं शिकवलं ते.”

प्रेसवाली म्हणजे आमच्यातली इस्त्रीवर काम करणारी, धाकटीची दहा वर्षांपासूनची मैत्रीण. मी धाकटीपुढे कप ठेवला आणि म्हणाले, “जाऊ दे, दुसरीकडे बघू.” एवढंच म्हणाले.

शुक्रवारी धाकटी प्रेसवालीच्या दारात जाऊन भांडून आली. ती बिचारी मुलांची शपथ घेत होती म्हणे. शनिवारी मला फोन आला. “तुमची निवड झालीय, सोमवारी कागद घेऊन या.” सासूबाई शेजारीच भाजी निवडत होत्या. कुणाचा गं, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणाले, चुकून लागला.

रविवारभर मला अन्न गेलं नाही. खालून तिच्या भांड्यांचा आवाज आला तरी अंग चोरल्यासारखं व्हायचं. सोमवारी मी कागद न घेताच गेले.

प्रशासक बाईंनी बसा म्हणून खूण केली. मी उभीच राहिले.

“बाई, ती गोष्ट माझी नाही. बारा वाजता आलेली बाई खरी. ती माझी धाकटी जाऊ आहे.”

त्यांनी चष्मा काढला. “मग त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?”

“वर. गाडी काढ म्हणणारी मी.”

त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, “मी त्या बाईला काय बोलले, ते तुम्हाला माहीत आहे?”

“हो.”

“माझ्या खोलीत, दोन माणसांसमोर बोलले.” त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं. “आडनाव एकच दिसलं, तेव्हाच विचारायला हवं होतं मी. त्यांना परत बोलावते. पण कशासाठी बोलावलं, ते मी सांगणार नाही. ते आज तुम्ही सांगायचं.”

घरी येऊन मी थेट खालच्या मजल्यावर गेले. ती कपडे वाळत घालत होती. मी दारातच सांगून टाकलं, अर्जापासून शनिवारच्या फोनपर्यंत. ती हातातला ओला शर्ट धरून ऐकत राहिली. त्यातलं पाणी तिच्या पायांवर ठिबकत होतं.

“म्हणजे दात दुखत नव्हता,” ती म्हणाली.

मी मान हलवली.

“अर्ज केलात, ठीक. तुम्हालाही गरज होती, मला सांगितलं असतंत तर दोघी मिळून गेलो असतो. गोष्ट घेतलीत, तेही एक वेळ समजू शकते, सुचलं नसेल. पण मी तुमच्यासमोर बसून त्या प्रेसवालीला शिव्या देत होते, ताई. आणि तुम्ही मला चहा देत होतात.”

तिनं शर्ट झटकला, तारेवर टाकला आणि चपला घालून प्रेसवालीकडे निघून गेली.

हॉस्पिटलनं तिला परत बोलावलं. या वेळी खुर्चीत न बसवता लॉन्ड्रीतून फिरवलं. दोन मशीन तिनं नुसत्या आवाजावरून बिघडलेल्या ओळखल्या, असं नंतर कुणाकडून तरी कळलं. पुढच्या एक तारखेला ती रुजू झाली. प्रेसवालीनं तिला माफ केलं की नाही, ते मला माहीत नाही. विचारायचं तोंड नव्हतं.

धाकटीनं घरात कुणालाच काही सांगितलं नाही. हे मला तिच्या रागापेक्षा जड गेलं. सासूबाई तर आल्या-गेल्याला सांगत सुटल्या, “आमच्या मोठीनं लावून दिली हो नोकरी. शिकवलं, तयार केलं.” भाऊजी हात जोडून म्हणायचे, “वहिनी, तुमचे उपकार आहेत.” आणि धाकटी ताटाकडे बघत जेवत राहायची.

एका रविवारी सगळे वर जेवायला होते. सासूबाईंनी पाहुण्यांसमोर पुन्हा तेच सुरू केलं. मी वाढत होते. भांडं खाली ठेवलं आणि म्हणाले, “आई, मी लावली नाही. मी तिची नोकरी चोरायला गेले होते.” आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सासूबाईंचा घास हातातच राहिला. भाऊजी माझ्याकडे न बघता पाणी प्यायले. माझा नवरा मान खाली घालून बसला.

मी भांडं घेऊन आत आले. वाटलं, आता तरी छातीवरचं ओझं उतरेल. धाकटी उठली, माझ्यामागे स्वयंपाकघरात आली आणि दार लोटून घेतलं.

“हे कशाला केलंत?” ती हळू आवाजात म्हणाली. “मला सांगायचं असतं तर मी सांगितलं नसतं का? उद्यापासून आई मला विचारत बसतील, हे तुमच्याकडे रागानं बघतील, पाहुणे गावभर करतील. तुम्हाला हलकं वाटावं म्हणून?”

मी काही म्हणणार तोच तिनं ओट्यावरचं भाताचं भांडं उचललं.

“बाहेर पाहुणे ताटावर खोळंबलेत,” म्हणाली, आणि वाढायला गेली.