हिरव्या पाटीची सवत

मित्रांनो, मी चीनमधल्या चांगछुन शहरातल्या एका ड्रायव्हिंग स्कूलची जुनी शिकाऊ गाडी आहे, आणि आधीच सांगून टाकते, मी जळकी आहे. दुसऱ्या गाड्यांचं बरं झालेलं मला बघवत नाही. तुम्ही म्हणाल, एवढं वय झालं, आता तरी मन मोठं कर. पण रोज कोणीतरी येऊन तुमच्यावर शिकावं, तुमचे गिअर खरखरवावेत, तुम्हाला कठड्यावर आपटावं आणि शिकून झालं की दुसरीला घेऊन निघून जावं, म्हणजे कळेल.

माझं आडनाव जर्मन, पण जन्म इथलाच. जर्मनीतली एक कंपनी या शहरात आली, इथल्या कारखान्याशी तिने सोयरीक केली आणि त्या संसारात आमची पिलावळ जन्माला आली. नकाशे तिकडचे, हात इकडचे. जर्मन साहेब कामगारांना एकेक गोष्ट करून दाखवायचे आणि इथली माणसं मान डोलावत नीट बघून घ्यायची. किती नीट बघून घेत होती, हे साहेबांना फार उशिरा कळलं.

माझ्या पोटात पहिल्यांदा दुखलं ते कारखान्यातच. माझ्या पुढे एक काळी बहीण तयार होत होती. तिची मागची सीट मुद्दाम वीतभर ऐसपैस केलेली. या देशात साहेब लोक मागे बसतात आणि त्यांना पाय पसरायला जागा लागते, म्हणून कंपनीने खास इथल्यासाठी गाड्या लांब केल्या. मला मात्र कोणी बोटभरही वाढवलं नाही. ती एका बड्या अधिकाऱ्याकडे गेली. माझ्या दारांवर लाल अक्षरं रंगवली, शेजारच्या सीटपुढे मास्तरांसाठी जादा ब्रेक बसवला आणि मला शाळेत धाडलं. नशीब एकेकीचं.

आमचे मास्तर म्हणजे गोंग मास्तर. सूर्यफुलाच्या बिया सोलत शेजारी बसायचे आणि शिकणाऱ्याची अशी काही हजेरी घ्यायचे की हिवाळ्यातही त्याला घाम फुटायचा. "तुमच्या हातात गाडी म्हणजे माकडाच्या हातात कोलीत," हे त्यांचं आवडतं वाक्य. पण त्या काळी मला मान होता. माझ्यावर शिकलेला माणूस माझ्याच जातीची गाडी घ्यायचा, नवी नवरी तिच्यातून घरी आणायचा आणि शेजाऱ्यांना सांगायचा, परदेशी आहे, दार लावल्याचा आवाज ऐका. मास्तरही माझं दार लावून दाखवायचे. तो आवाज ऐकला की मला अजून बरं वाटतं.

मग दिवस फिरले. इथल्या माणसांनी जे बघून घेतलं होतं, ते बाहेर काढलं. शहराशहरातून त्यांच्या स्वतःच्या विजेवरच्या गाड्या निघाल्या. गुरूची विद्या गुरूलाच फळली. परदेशी कंपन्यांच्या दुकानात विक्रेते जांभया द्यायला लागले, आणि एके दिवशी आमच्या मैदानातही एक विजेची गाडी येऊन उभी राहिली. पिस्त्याच्या रंगाची, हिरव्या नंबरपाटीची. तिला क्लच नाही, गिअर नाही, आवाज नाही. बोललं की ऐकते, सांगितलं की काच खाली घेते. मास्तरांची कंबर दुखते म्हणून हिची सीट त्यांना पाठीला शेक देते. दुपारचं जेवणसुद्धा ते तिच्यात बसून जेवायला लागले. इतकी वर्षं मी त्यांना उन्हापावसात सांभाळलं, पण शेक द्यायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

ही सवत माझ्या डोळ्यात खुपायची. आमच्याकडचा हिवाळा म्हणजे श्वास गोठवणारा. कोणीतरी म्हणालं की थंडीत विजेच्या गाडीचा जीव अर्धा होतो, तेव्हा मी मनोमन बर्फाला नवस बोलले. बर्फ पडला. हिचा जीव खरंच अर्धा झाला. तर मालकाने तिच्यासाठी पत्र्याची शेड बांधून घेतली. तिला छप्पर मिळालं आणि मी त्याच बर्फाखाली गाडली गेले. वर मालकाने जाहीर केलं की वसंतात सगळ्या क्लचवाल्या गाड्या भंगारात द्यायच्या.

त्याच हिवाळ्यात लुआन मावशी आली. कारखान्यातून निवृत्त झालेली, बुटकी, जाड कोट घातलेली. मास्तरांनी तिला सरळ हिरव्या पाटीकडे नेलं.

"मावशी, या वयात कशाला त्रास? ही घ्या. दोनच पेडल, एक पळायचं, एक थांबायचं."

"मला क्लचवालीच शिकवा," मावशी म्हणाली. "सगळी नोकरी मी क्लचचे पायटे बसवण्यात घालवली. हाताने बसवले, पण पायाने एकदाही दाबला नाही. तो दाबला की होतं काय, ते मला बघायचंय."

माझ्यात बसल्यावर तिने आधी वाकून माझा पायटा हाताने चाचपला. "हा मीच बसवलेला असणार," ती म्हणाली.

"मावशी, लाखो गाड्या गेल्या कारखान्यातून."

"मग लाखातली एक असेल."

त्या दिवशी, मित्रांनो, मी पहिल्यांदा हिरव्या पाटीकडे वर मान करून बघितलं.

मावशीला घाई होती. दूर डोंगरातल्या दुनह्वा गावात तिची मोठी बहीण राहते. मावशीने फोनवर तिला सांगून टाकलं होतं की वसंतात तुझ्या सत्तरीला मी स्वतः गाडी चालवत येणार. बहीण हसली होती. "तू गाड्या बनव गं, चालवणारी माणसं वेगळी असतात." ते हसणं मावशीच्या मनाला लागलं होतं.

पण मावशीचा पाय काही वळेना. मैदानात एक चढ आहे. त्यावर थांबायचं आणि मागे न घसरता पुन्हा निघायचं. मावशी क्लच दाबायची आणि खटकन सोडून द्यायची. मी आचका देऊन बंद. मग ती घाबरायची आणि मी मागे घरंगळायचे. सरावात हेच, परीक्षेत हेच. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा नापास. पाचदा नापास झालं की नाव रद्द होतं. आणि नव्याने नाव घालावं, तर वसंतानंतर क्लचवाली गाडीच उरणार नव्हती.

"मावशी, पायाखाली झुरळ आलंय का?" मास्तर कातावले. "असा काय सोडता?"

"कारखान्यात असाच तपासायचो. दाबायचा, सोडायचा. खट्कन वर आला की पास. हळू आला की बाद."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे तुम्ही गाडी चालवत नाही आहात, अजून कामावरच आहात."

दुसऱ्या दिवशी मावशीने मास्तरांची समजूत काढायला घरचे उकडलेले पाव आणले, डब्यात गरम, कोबीच्या लोणच्याबरोबर. मास्तर एक खाऊन दुसऱ्याला हात घालत म्हणाले, "माझ्या बायकोचे नेहमी बसतात. तुमचे एवढे फुगतात कसे?"

"झाकणामुळे. झाकण भसकन उघडलं की पाव बसलाच. जरासं तिरकं करायचं, वाफ जाऊ द्यायची, मग हळूच उचलायचं."

मास्तरांचा घास तोंडातच राहिला. "आणि पावावर एवढी माया असलेली बाई माझ्या गाडीचं झाकण भसकन उघडते," ते म्हणाले. "चला, बसा. आज क्लच नाही सोडायचा, झाकण उचलायचं."

दोन-चार दिवसांत फरक पडला. मी चढावर दहादा थांबले आणि सातदा निघाले. मावशी खूश झाली. उतरताना तिने विचारलं, "मास्तर, वसंतात ही कुठे जाणार?"

"भंगारात."

"अगं बाई. एवढी दणकट गाडी."

तुम्हाला सांगते, मी ते बोलणं मागणीसारखं ऐकलं. मावशी पास होणार, मला विकत घेणार आणि मी दुनह्वाचे चढ चढणार. रात्रभर बर्फाखाली मी तोच रस्ता मनात चढत होते.

परीक्षेच्या दिवशी सकाळी ती माझ्या बॉनेटला टेकून मुलीशी फोनवर बोलत होती. "हो, पास झाले तर इथल्यासारखीच. पिस्ता रंगाची. पैसे भरून झालेत. नाही गं, पेट्रोलवाली कशाला, मला पेन्शनीत परवडायला नको का?"

गरज सरो, वैद्य मरो. माझ्या इंजिनात जे काही उकळलं, ते पेट्रोल नव्हतं.

आमचं मैदान हेच परीक्षेचं केंद्र. त्या दिवशी गाडीत यंत्र बसवतात आणि ते बाईच्या आवाजात निकाल सांगतं. मास्तरांना कुंपणाबाहेर उभं राहावं लागतं. थंडी कडाक्याची होती, आणि थंडीत अडखळायची माझी खोड सगळ्यांना ठाऊक आहे. मला वेगळं काही करायचंच नव्हतं. नेहमीसारखी एकदा अडखळले असते, तरी मावशी नापास, नाव रद्द आणि हिरव्या पाटीचं लग्न मोडलं. मी ठरवूनच टाकलं.

चढ आला. मावशी थांबली. तिचा डावा पाय माझ्या पायट्यावर दाबलेला होता. ओठातल्या ओठात ती म्हणत होती, "झाकण, झाकण." मग तो पाय हळूहळू वर यायला लागला. किंचित थांबला, वाफ जाऊ दिली, पुन्हा वर आला. इतक्या वर्षांत शेकडो पायांनी माझा क्लच सोडला, पण असा कोणी सोडला नव्हता. मला बंद पडायचं होतं, मित्रांनो. मनापासून बंद पडायचं होतं. पण त्या पायाखाली मला बंद पडताच येईना. मी गपगुमान चढ चढून गेले.

यंत्र म्हणालं, उत्तीर्ण. मावशी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. कुंपणापाशी मास्तरांनी बिया खाली टाकल्या आणि नाक पुसून म्हणाले, "थंडी फार आहे आज."

पुढच्या परीक्षा तिने पार केल्या. बर्फ वितळला. माझ्या जोडीच्या गाड्या एकेक करून ट्रकवर चढल्या, आणि काल मावशी बहिणीकडून परत आली ती थेट आमच्या मैदानात, आपल्या पिस्ता रंगाच्या गाडीत बसून. नेमकी माझ्या शेजारी थांबली. दार उघडून तिने मास्तरांना आत बसवलं आणि बहिणीने दिलेल्या मोमोंचा डबा पुढे केला.

"काय म्हणाली मग ताई?"

"काही नाही. जिन्यातून खाली आली आणि गाडीत बसून राहिली. उतरायलाच तयार नाही."

मास्तर हसले. मग त्यांचं लक्ष खाली गेलं. "मावशी, हा डावा पाय तिथे काय शोधतोय? तिथे काही नाही."

मावशीनेही खाली बघितलं. तिचा पाय रिकाम्या जागी दाबला गेला होता आणि हळूहळू वर येत होता. "सगळ्या रस्त्याने असंच करतोय तो," ती म्हणाली. "चढ आला की जास्तच."

मित्रांनो, उद्या-परवा माझाही ट्रक येईल. नवी गाडी घेऊ नका, असं मी कोणत्या तोंडाने सांगू? जरूर घ्या. पण जिच्यावर शिकलात ती कुठे उभी दिसली, तर एकदा हॉर्न वाजवून पुढे जा. जुन्या गाडीला तेवढंही पुरतं.

मी मात्र सुधारलेले नाही. हिरव्या पाटीच्या जातीला शेड मिळाली, मास्तर मिळाले, मावशी मिळाली, दुनह्वाचा रस्ता मिळाला. अजूनही माझा जळफळाट होतो. सगळं घेऊ दे तिला. मावशीचा डावा पाय तेवढा माझा आहे.